दाण्याशिवाय नंबर नाही

"बेल दे," तात्या म्हणाले.

सकाळचे साडेसहा झाले होते. कराडातल्या आमच्या गल्लीत घाडगेकाकू तेवढ्या उठल्या होत्या आणि अंगणात सडा टाकता टाकता आमच्याकडे बघत होत्या. तात्या पोपटी रंगाच्या त्या विजेच्या गाडीत सीट पुढे ओढून बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"चला," मी म्हणाले.

"चला नव्हे. बेल."

"तात्या, मी सेहेचाळीस वर्षांची आहे."

"मग काय झालं? आमचा नलवडे मास्तर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत बेल देत होता. रिटायर झाला त्या दिवशी घरात शिरताना दारावरची घंटी एकदाच वाजवली. म्हणाला, गाडी थांबली."

तात्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बावीस कराड-चिपळूण मार्गावर. कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची. डबल बेल मिळाल्याशिवाय तात्यांनी कधी गिअर टाकला नाही. लहानपणी रविवारी ते मला ड्युटीवर न्यायचे, आणि कंडक्टर नलवडेमास्तर मला उचलून दोरी ओढू द्यायचे. पन्नास माणसांची गाडी माझ्या हातानं हलायची. नववीत असताना एकदा वर्गातल्या दोघीजणी गाडीत चढल्या. त्या दिवशी मी दोरीला हात लावला नाही, आणि पुढे कधीच लावला नाही. तात्यांनी मात्र सवय सोडली नाही. लुना असो, स्कूटर असो, मी मागे बसले की विचारायचे, "बेल?" दोरी नाही तर तोंडानं 'टिंग टिंग' म्हणायचं. मी म्हणायचे, "चला." ते एक उसासा टाकायचे आणि निघायचे.

आताही त्यांनी उसासा टाकला आणि गाडी निघाली. आवाज न करता. आमच्या गल्लीत त्या गाडीचं नाव 'मुकी' होतं.

ही मुकी तात्यांनी आई गेल्यावर वर्षभरात घेतली. वय त्र्याहत्तर, गाडी सेकंडहँड, कुणाला विचारलं नाही. पुढच्या सहा महिन्यांत ती दोनदा रस्त्यात संपली. पहिल्यांदा मसूरजवळून उसाच्या ट्रॉलीला बांधून आणली. दुसऱ्यांदा एका वरातीतल्या लोकांनी ढकलत घरापर्यंत आणून दिली, बँडसकट. फुलांच्या माळा, मागे वाजंत्री आणि पुढे तात्या. अर्ध्या गल्लीला वाटलं, म्हाताऱ्यानं दुसरं लग्न केलं.

नाशिकहून दादाचा फोन आला. "उज्ज्वला, तू जा. गाडी विकायला लाव. तू समजावून सांगतेस चांगलं." मी पुण्याला कॉलेजात मराठी शिकवते. समजावून सांगण्याचा पगार घेते, म्हणून आमच्या घरातल्या अशा कामगिऱ्या माझ्याकडे येतात.

मी शुक्रवारी आले, जेवताना समजावून सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, ताक प्याले आणि म्हणाले, "पैज लाव. कराड-चिपळूण-कराड, माझी जुनी ड्युटी. दिवेलागणीच्या आत परत. गाडी कुणी ओढली, ढकलली, तर किल्ली तुझी. स्वतःच्या चाकांवर आली, तर गाडी माझी. दादाला तू सांगायचंस."

"बरं."

"आणि दुसऱ्या दिवशी मंडईत जाताना बेल द्यायचीस. गल्लीला ऐकू जाईल अशी."

मी मान्य केलं. फोनवर आधीच बघून ठेवलं होतं. एवढ्या सगळ्या वाटेवर गाडी चार्ज करायची जागा एकच होती, चिपळूणला स्टँडजवळच्या एका हॉटेलच्या आवारात. मला हरायचं काही कारणच दिसत नव्हतं.

पाटण गेलं, कोयनानगर गेलं. तात्या प्रत्येक थांब्यापाशी वेग कमी करत होते. कुणी उभं असेल तर तेही वाकून बघायचं आणि तात्याही वाकून बघायचे.

"इथं एक शिक्षक चढायचे. सुट्टे कधी नसायचे त्यांच्याकडे."

"तात्या, पुढे बघा."

"पुढचं मला पाठ आहे गं."

कुंभार्ली घाट उतरताना मात्र ते हरखले. उताराला गाडी स्वतःच थोडी चार्ज होते. घाटमाथ्यावर चौपन्न टक्के दिसत होते, पायथ्याला अठ्ठावन्न.

"बघ! एसटीत न्यूट्रल टाकून डिझेल वाचवलं म्हणून मला नोटीस आली होती. ही बाई उतरता उतरता कमावते!"

"परत चढायचं आहे."

"तू लहानपणी पण अशीच होतीस. जत्रेत पाळण्यात बसलीस की खाली कधी येणार ते विचारायचीस."

हॉटेलपाशी पोचलो तेव्हा पन्नास टक्के उरले होते. चार्जिंगचं यंत्र खरोखरच होतं. आवाराच्या कोपऱ्यात नवंकोरं उभं होतं. पण त्यावर वरपासून खालपर्यंत जांभळ्या सॅटिनचा पडदा होता आणि पुढे दोन खांबांना लाल फीत बांधलेली होती. फितीच्या आत खुर्ची टाकून वॉचमन बसला होता.

"चार्ज करायचीय," तात्या म्हणाले.

"उद्घाटन व्हायचंय."

"कधी?"

"साहेबांची तारीख मिळाली की."

"मशीन चालू आहे का?"

"चालू आहे ना. गणपतीपासून चालू आहे."

तेव्हा फेब्रुवारी होता.

तात्यांनी त्याला समजावून सांगितलं की पडदा नुसता बाजूला केला तरी वायर बाहेर येईल. वॉचमन म्हणाला, पडदा दोरी ओढून उघडायचा आहे, बाजूला केला तर साहेबांनी काय उघडायचं? तात्यांनी विचारलं, फितीच्या खालून वाकून गेलं तर? वॉचमन म्हणाला, तो स्वतः तसाच जातो, पण तो स्टाफ आहे. शेवटी तात्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "मी कापू का फीत? एकतीस वर्षं सरकारी नोकरी झालीय माझी."

वॉचमनला हे थोडं पटलंसं वाटलं. त्यानं आत जाऊन मॅनेजरला विचारलं. मॅनेजरनं बाहेर येऊन आम्हाला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

"सॉकेट तरी द्या आतला," मी म्हणाले. मी का म्हणाले ते माहीत नाही. मला गप्प बसायचं होतं.

"मॅडम, आतल्या सॉकेटवर गाडी लावली तर मग मशीन कशाला बसवलं, असं मालक विचारतील."

बाहेर येऊन तात्यांनी गाडी वळवली. पुढचं यंत्र फोनवर ऐंशी किलोमीटर लांब दाखवत होतं, तेही उलट्या दिशेला.

"हरलात," मी म्हणाले.

"दिवे लागलेत का?" तात्यांनी विचारलं. सकाळचे अकरा वाजले होते. "वर हेळवाकला आपल्या तुकाराम टपरीवाल्याकडे सोय होईल. बावीस वर्षं त्याचा चहा प्यालोय."

घाट चढताना टक्के पाण्यासारखे गळायला लागले. चव्वेचाळीस, अडतीस, एकतीस. तात्यांनी एसी बंद केला, मग रेडिओ बंद केला, मग मला पुस्तक मागच्या सीटवर ठेवायला सांगितलं.

"पुस्तकानं काय होतंय?"

"वजन आहे त्याला."

मग मोठ्या वळणाला त्यांनी तोंडानं आवाज काढायला सुरुवात केली. "घुर्रर्र... घुर्रर्र..."

"तात्या, काय हे?"

"सेकंड गिअर. आवाज आल्याशिवाय गाडी चढतेय यावर विश्वास बसत नाही." पुढच्या वळणाला ते थर्डवर गेले, आवाज बदलला. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं.

माथ्यावर सोळा टक्के. हेळवाकला टपरी नव्हती. तुकारामही नव्हता. जागेवर एक मोबाईलच्या जाहिरातीचा फलक होता. तात्यांनी गाडी बाजूला घेतली.

"डावीकडं धरण," ते म्हणाले. "अर्ध्या महाराष्ट्राला इथनं वीज जाते. आणि मला एक प्लग मिळेना."

मी जिंकले होते, आणि मला भूक लागली होती. आम्ही रस्त्याच्या कडेला डबा खाल्ला, पोळी आणि वांग्याची भाजी. मग पुढे निघालो. कारळेवाडीच्या फाट्यावर अकरा टक्के उरलेले असताना तात्यांनी काच खाली केली आणि कान बाहेर काढला.

"ऐक."

लांबून धडधड येत होती.

"गिरणी. गिरणी चालू म्हणजे वीज चालू. तुझ्या फोनला कळतं का हे?"

गिरणी म्हणजे पत्र्याची खोली, आत पट्ट्यावर फिरणारं यंत्र आणि भुवयांपर्यंत पांढरी झालेली एक बाई. हौसाक्का शेलार. बाहेर भिंतीच्या सावलीला पत्र्याचे पाच डबे ओळीनं ठेवलेले. माणूस एकही नाही. तात्या अदबीनं शेवटच्या डब्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"काय हवंय भाऊ?" हौसाक्कानं आतून ओरडून विचारलं.

"गाडी चार्ज करायचीय. नंबर लावलाय."

"मानसाचा नंबर नसतो हितं. डब्याचा असतो."

तात्यांना हे फार आवडलं. त्यांनी आमचा जेवणाचा डबा आणून ओळीत ठेवला. हौसाक्का हात झटकत बाहेर आली, डबा उचलून कानापाशी हलवला.

"मोकळाय."

"जेवलो ना आम्ही."

"दाण्याबिगर नंबर न्हाई. मोकळं डबं ठिवून मानसं पाटेपासनं नंबर धरत्यात आन दुपारी दळण घिऊन येत्यात. लई भांडनं झाली. गावानं ठरवलंय."

"अहो, पण गाडी दाणे खात नाही."

"मग गाडीचं गिरनीत काय काम?"

तेवढ्यात वाडीकडून एक म्हातारी डोक्यावर डबा घेऊन आली. तानूबाई. तात्या पुढे झाले, तिचा डबा उतरवून घेतला आणि म्हणाले, "वहिनी, मूठभर गहू देता का?"

"कशाला?"

"डब्यात टाकायला."

पाहुणा माणूस मूठभर गहू मागतोय म्हटल्यावर तिनं दोन मुठी दिल्या. तात्यांनी त्या आमच्या डब्यात टाकल्या आणि डबा पाचव्या डब्याला चिकटवून ठेवला. तानूबाईनं आपला डबा त्याच्या मागे ठेवला, मान तिरकी करून ओळ बघितली आणि तिच्या लक्षात आलं.

"आगं बया! माझ्याच दान्यानं माझ्या म्होरं!"

हौसाक्का हसता हसता भिंतीला टेकली. पण नियम तो नियम. सहावा नंबर गाडीचा.

तात्यांना धीर कुठला? पाच दळणं व्हायच्या आधीच, यंत्र चालू असताना, "नुसतं बघू" म्हणून त्यांनी वायर लावली. फट्‌कन फ्यूज उडाला. गिरणी बंद, वीज बंद, हौसाक्काचं तोंड तेवढं चालू. तात्यांनी मुकाट्यानं फ्यूजला तार घातली आणि ठरलं ते असं, की गिरणी आणि गाडी एकावेळी चालायची नाही. गाडीचा नंबर आला की गिरणी थांबणार. किती वेळ?

"दोन तास," मी म्हणाले. मला बरोबर माहीत होतं. घरी पोचायला चाळीस टक्के लागणार होते.

"दोन तास! दळणाचं मी किलोवर घेते. ह्या गाडीचं वजन किती?"

"मुलीला सोडून की धरून?" तात्यांनी विचारलं.

दोन वाजता गाडीचा नंबर आला. गिरणी थांबली, वायर लागली, हिरवा दिवा पेटला. तात्या आणि हौसाक्का दारात बसून जुन्या एसटीच्या गप्पा मारायला लागले. ती लग्न होऊन आली ती त्यांच्याच गाडीतून, असं दोघांनी मिळून सिद्ध केलं. तानूबाई आपल्या डब्यावर हात ठेवून बसून होती.

पावणेतीनला हिरवा दिवा गेला. वीज गेली होती. गिरणीच्या दारातून कोयनेकडचे डोंगर स्वच्छ दिसत होते.

वीज आली पावणेचारला. गाडीत तोपर्यंत बावीस टक्के. अजून सव्वा तास हवा होता. दिवेलागणीचा मेळ जेमतेम बसत होता. आणि तानूबाई उठली.

"काढा ती वायर. उद्या माझ्या नातीचं बारसं हाय. लापशीचा भरडा करून मला अंधाराच्या आत वर वाडीत पोचाय हवं."

"त्यांचा नंबर सरला न्हाई अजून," हौसाक्का म्हणाली.

"माझा गहू, माझा नंबर!"

मी घड्याळ बघितलं. आता मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. वायर निघाली की गाडी पाटणच्याही अलीकडे कुठेतरी थांबणार, आणि मग कुणीतरी ती ओढणार. आणि तात्या उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत.

"वहिनींचं बरोबर आहे, अक्का. बारसं थांबत नाही. या बयेचं काय, हिचं बारसं झालेलं आहे. मुकी." त्यांनी वायरीला हात घातला. माझ्याकडे बघितलं नाही. दुसरा हात खिशात किल्लीवर होता.

"इथं जातं आहे का?" मी विचारलं.

तिघंही माझ्याकडे बघायला लागली.

"भरडाच हवाय ना? मी दळते जात्यावर. वायर राहू दे."

"तुला येतंय?" तानूबाईनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"शिकवा."

जातं मागच्या पडवीत होतं. त्यावर कोंबडीची टोपली होती, ती उठवली. तानूबाई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, खुंट्यावर दोघींचे हात. मी वाचलं होतं त्यात जातं गरगर फिरायचं. हे इंचभर हललं आणि थांबलं.

"वढ की! ढकलू नगं, वढ! काय करतीस तू पुन्याला?"

"कॉलेजात शिकवते."

"काय?"

"मराठी."

"मराठी काय शिकवायची आसती व्हय?" ती म्हणाली. "म्हंजी पोरं मुकीच येत्यात का?"

दारातून तात्या खो खो हसले. पण आत आले नाहीत.

पायलीभर गहू. पहिल्या पावशेरात माझ्या तळहाताला फोड आला, दुसऱ्यात फुटला. तानूबाई मूठमूठ दाणे घालत होती आणि माझ्या सासरचं, माहेरचं, पगाराचं विचारत होती. भरडा कधी जाड पडत होता, कधी पीठ. "बारशाला कोन चाळून बघतंय," असं म्हणून तिनं मला पास केलं. शेवटी तीच म्हणाली, "बास. आता बापाकडं बघ. कवाचा त्यो घड्याळाकडं बघतोय."

पाच वाजले होते. एक्केचाळीस टक्के.

हौसाक्कानं पैसे घेतले नाहीत. "दोन मुठी गहू तेवढा ठिवून जा," म्हणाली. तात्यांनी तानूबाईला वाडीपर्यंत सोडायची तयारी दाखवली. ती म्हणाली, "नगं बाबा. मला आजच्याला पोचायचंय."

गाडीत बसल्यावर तात्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"बेल?"

"चला."

उसासा. फाटा ओलांडल्यावर मग त्यांनी विचारलं, "तू कशाला दळत बसलीस?"

"उन्हात बसून दुसरं काय करायचं होतं?"

"सावली होती की तिथं," तात्या म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. पाटण गेलं. नंतर ते तोंडानं टॉप गिअरचा आवाज काढायला लागले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा तीन टक्के होते, आणि घाडगेकाकू तुळशीपाशी पणती घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काडी ओढली.

"काकू, थांबा!" तात्या काचेतून ओरडले. "एक मिनिट! लावू नका!"

काकू घाबरून तशाच थांबल्या. मुकी सरपटत पुढे निघाली. काडी जळत खाली येत होती. गाडीचं मागचं चाक फाटकाच्या आत गेलं तेव्हा काकूंनी चटका बसून काडी टाकली आणि म्हणाल्या, "मेल्या ड्रायव्हरा, बोटं जाळलीस!" मग दुसरी काडी ओढून त्यांनी दिवा लावला.

तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते.

"म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"जिंकलो म्हणून."

"सकाळी बघू."

"सकाळी बेल आहे."

"बघू म्हटलं ना, तात्या. हात दुखतायत माझे."

ते हसले. खिडकीतून वायर बाहेर घेऊन त्यांनी गाडी चार्जिंगला लावली आणि किल्ली आपल्या खुंटीवर अडकवली. जेवण झाल्यावर माझ्या हाताला खोबरेल लावून दिलं.

सकाळी सात वाजता मी चहा घेऊन गेले, तर ते उठले नव्हते. डॉक्टर म्हणाले, पहाटे कधीतरी, झोपेतच. खिडकीखाली गाडी वायरीला होती. शंभर टक्के भरलेली.

तेरावा झाल्यावर दादा म्हणाला, "गाडी बघायला एकजण येतोय."

"गाडी मी नेणार आहे."

"तू? तूच विकायला सांगायला आली होतीस."

"पुण्यात चार्जिंगच्या जागा आहेत आता," मी म्हणाले. ते खरं होतं.

त्याला आता सहा वर्षं झाली. मधल्या काळात मी मुकीची बॅटरी बदलून घेतली, पण त्या रस्त्याला गेले नव्हते. गेल्या फेब्रुवारीत गेले. कराड-चिपळूण-कराड. चिपळूणच्या हॉटेलातल्या यंत्रावरचा जांभळा पडदा गेलेला होता. तिथं संगमरवरी पाटी होती आणि पाटीवर अकरा मान्यवरांची नावं. यंत्रावर कागद चिकटवलेला होता : 'बंद आहे.' वॉचमन तोच. त्यानं मला ओळखलं नाही, पण फीत नसल्यामुळे त्याला बसायला जागा उरली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

कारळेवाडीच्या फाट्यावर धडधड ऐकू आली. गिरणीवर आता पाटी होती : 'शेलार गिरणी. दळण, मिरची कांडप, गाडी चार्जिंग.' वेगळा मीटर, वेगळी पेटी, शेडखाली दोन गाड्यांची जागा. गिरणी आणि गाड्या एकावेळी चालत होत्या. भिंतीच्या सावलीला डब्यांची ओळ मात्र होती तशीच. ओळीच्या शेवटी मुंबईच्या पांढऱ्या मोठ्या गाडीचे मालक हातात प्लास्टिकचा डबा धरून उभे होते.

"राजमा चालेल का हो?" त्यांनी आत विचारलं.

"दाना हाय न्हवं? मग झालं," आतून आवाज आला.

ते डबा ठेवायच्या आत मी तात्यांचा डबा त्यांच्या पुढे ओळीत ठेवला. हौसाक्का बाहेर आली. आता कमरेत वाकली होती, भुवया बिनपिठाच्याही पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं डबा उचलून कानापाशी हलवला. गहू वाजला.

"डबा वळखीचा वाटतोय," ती म्हणाली. मग गाडीकडे बघितलं. "भाऊ न्हाई आलं?"

मी सांगितलं. कधी, तेही सांगितलं.

"म्हंजी हितनं घरी गेलं आन..." तिनं डबा ओळीत नीट लावून ठेवला. "मानूस चांगला. फ्यूज उडवला हुता माझा. तवापासनं मी मीटरसाठी खेटं घालाय लागले. म्हनलं, आनखी कुनी म्हातारा यील."

"तानूबाई?"

"हाय की. नात आता साळंला जाती. तुझ्या भरड्याची लापशी खाल्ली समद्यांनी. दात दुखले म्हनं."

माझा नंबर आला. गाडी भरली. हौसाक्का दारात उभी होती, राजमावाले आपल्या गाडीत बसून पाळीची वाट बघत होते. मी सीट पुढे ओढली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि बसून राहिले. मागची पांढरी गाडी हॉर्न द्यायच्या बेतात होती. शेजारची सीट रिकामी होती. मी काच खाली केली आणि ओळीतल्या शेवटच्या डब्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले :

"सावली होती तिथं, तात्या. तुम्ही जिंकावं म्हणून दळलं मी. टिंग टिंग."